तहानलेल्या वेली

उन्हाळा चढला की एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो. आभाळात ढगाचा ठिपका नसतो, ऊन पांढरंफटक पडलेलं असतं, आणि तरीही वारा असा वाहतो की लहान होड्या बंदर सोडत नाहीत. जुलै-ऑगस्टात तो ऐन भरात येतो. सांतोरिनी बेटावर त्याला अडवायला ना रान, ना डोंगरांची रांग. वाळू आणि राख उचलून तो पानांवर सपासप मारत राहतो. अशा जागी द्राक्षवेल मांडवावर चढवली तर एका मोसमात तिच्या चिंध्या होतील. म्हणून तिथली वेल वर जातच नाही. ती जमिनीवर बसते.

हिवाळ्यात छाटणी करताना शेतकरी तिच्या काड्या एकमेकींत गुंफतो, गोल वळवतो, वर्षागणिक एकेक वेढा देत जातो. हळूहळू जमिनीलगत एक टोपली तयार होते. तिला तिथे ‘कुलूरा’ म्हणतात. घड लागतात ते या टोपलीच्या आत, पानांच्या आडोशाला. वारा वरून निघून जातो, उन्हाचा तडाखा पानं सोसतात आणि मणी सावलीत पिकतात. लांबून पाहिलं तर द्राक्षबाग अशी दिसत नाही. करड्या मातीवर विखुरलेले हिरवे ठिपके तेवढे दिसतात. नाशिक-सांगलीकडच्या ज्या माणसाच्या डोळ्यांत मांडवाखाली लोंबणारे घड बसलेले आहेत, तो या शेतातून आरपार चालत जाईल आणि पलीकडे पोचल्यावर बाग कुठे आहे म्हणून विचारील. ऑगस्टात तोडणी सुरू होते तेव्हा प्रत्येक टोपलीपुढे गुडघे टेकावे लागतात. उभ्याउभ्या इथलं एकही द्राक्ष हाती येत नाही.

ही माती म्हणजे एका प्रलयाची राख. इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास ज्वालामुखीने या बेटाचा मधला भाग उडवून दिला, उरलेल्या पोकळीत समुद्र शिरला, आणि कडेला राहिलेल्या चंद्रकोरीवर राखेचे आणि प्युमिसचे थरावर थर साचले. दक्षिण टोकाजवळचं अक्रोतिरी हे कांस्ययुगातलं नगर त्याखाली गाडलं गेलं. १९६७ साली स्पिरिदोन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं तेव्हा भिंतींवरची चित्रं रंगांसकट बाहेर आली. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी हीच राख जहाजं भरभरून नेली गेली होती, कारण चुन्यात मिसळली की ती पाण्यातही घट्ट धरते. राख, प्युमिस आणि लाव्ह्याचा चुरा यांच्या या मिश्रणाला तिथले लोक ‘आस्पा’ म्हणतात. सेंद्रिय अंश जवळजवळ नाही, चिकणमाती नाही. माती परीक्षणाचा असा अहवाल हातात पडला तर आपल्याकडचा कृषी सहायक शेतकऱ्याला दुसरा धंदा सुचवील.

चिकणमाती नसणं हेच या वेलींचं कवच ठरलं. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा ही सूक्ष्म कीड अमेरिकेतून येऊन फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मुळांना लागली आणि पुढच्या काही दशकांत तिने युरोपातल्या बागाच्या बागा उभ्या वाळवल्या. शेवटी टिकाऊ उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचं कलम करण्याचा. आज जगातल्या बहुतेक वाइनची द्राक्षं अशी परक्या पायांवर उभी आहेत. आपल्याकडेही डॉग्रिजच्या खुंटावर कलम भरतात. सांतोरिनीच्या राखेत मात्र या किडीचा निभाव लागत नाही. तिथली वेल आपल्याच मुळांवर आहे. टोपली फार जुनी झाली, वेढ्यावेढ्यांतून रस टोकाला पोचेनासा झाला, की शेतकरी ती जमिनीपासून कापून टाकतो आणि त्याच मुळातून नवा फुटवा येऊ देतो. मग पुन्हा गुंफण सुरू. वर दिसणारं खोड बापाच्या वयाचं असेल, तर खालचं मूळ पणजोबांच्याही आधीचं असू शकतं. आपण ज्याला वाइनचं वय म्हणतो, बाटलीवर छापलेलं साल, ते या मुळाच्या हिशेबात एक पानगळ आहे.

आणि पाणी? भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो. जून ते सप्टेंबर, आपल्याकडे आभाळ फाटतं त्याच महिन्यांत, तिथे बहुतेक ठिकाणी जमीन ठणठणीत कोरडी असते. नाशिकचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो आणि वेलीला फसवून, पावसाला चुकवून, थंडीत घड पिकवतो. सांतोरिनीच्या माणसाला चुकवायला पाऊसच नाही. वर्षभरात चारशे मिलिमीटरही पडत नाही. उन्हाळ्याच्या रात्री समुद्रावरून दमट हवा येते, कधी धुकं येतं. प्युमिसच्या असंख्य छिद्रांत ते पाणी उतरतं आणि दिवसा थोडं थोडं मुळांना मिळत राहतं. परंपरेने या शेतांना पाणी देतच नाहीत. वेल रात्री समुद्राचा श्वास पिते आणि दिवस त्यावर काढते.

या तहानेतून पिकणाऱ्या द्राक्षाचं नाव असिर्तिको. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकू लागलं की त्याच्या श्वसनात मॅलिक आम्ल जळत जातं. साखर चढते, आंबटपणा मावळतो. गरम मुलखातल्या कितीतरी व्हाइट वाइन त्यामुळे बोथट लागतात. असिर्तिको आपलं टार्टारिक आम्ल सोडत नाही. साखर पुरती चढते, वाइनमधलं अल्कोहोल तेरा-चौदा टक्क्यांवर जातं, आणि तरी धार कायम राहते. फुलांचा सुगंध शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. लिंबाची साल, तापलेल्या दगडावर पडलेलं पाणी, ओठांवर राहणारं मीठ, एवढाच ऐवज. दगडाची चव मुळं थेट उचलून पेल्यात आणत नाहीत, असं मृदाशास्त्रज्ञ सांगतात, आणि त्यांचं बरोबर असावं. माझी तक्रार नाही. या खडकाने वेलीला उपास घडवला आणि त्या उपासाने मणी लहान, साली जाड आणि रस घट्ट केला, एवढं मला श्रद्धेला पुरतं.

आता ताटाकडे येऊ. वाइन कशाशी जुळेल हा प्रश्न सांतोरिनीत विचारायची गरजच पडत नाही, कारण त्या ताटातलं सगळंच त्याच तहानेवर वाढलेलं असतं. तिथले टोमॅटो लहान, जाड सालीचे, पाण्याविना पिकलेले; रस कमी, गर दाट, चव एकवटलेली. कांदा आणि पुदिना घालून त्यांची भजी तळतात. पांढरी वांगी आहेत, त्यांच्यात कडवटपणा नसतोच म्हटलं तरी चालेल. दगडी बांधांच्या फटींतून केपरची झुडपं वाढतात आणि त्यांच्या कळ्या मिठात मुरवतात. आणि फावा आहे. ही पिवळी डाळ लॅथिरस क्लायमेनम या वनस्पतीची. विदर्भातल्या लाखेच्या डाळीची ही जवळची नातलग. शिजवून घोटून गुळगुळीत करतात, वर ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा आणि केपर. पिठूळ, गोडसर, तेलाने जड असा तो घास असतो. त्यावर असिर्तिकोचा घोट घेतला की आम्ल तेलाला कापत जातं आणि जीभ पुढच्या घासाला मोकळी होते.

टोमॅटोची गोष्ट जास्त अवघड आहे आणि अनेक यजमान तिथेच फसतात. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. महागातली, ओकच्या पिंपात मुरलेली, लोण्यासारखी व्हाइट वाइन टोमॅटोसमोर पार कोसळते. असिर्तिको टोमॅटोला पुरून उरते. केपरचं मीठ त्याच वेळी वाइनची धार थोडी मऊ करतं. कोळशावर भाजून व्हिनेगर आणि ओरेगानो शिंपडलेला ऑक्टोपस, तळलेलं माकूल, लिंबू पिळलेला साधा भाजका मासा, यांच्याशीही ती अशीच वागते. लिंबू पिळावं तिथे असिर्तिको चालते, असं धरून चालायला हरकत नाही.

काही घड उन्हात टाकतात. तोडलेली द्राक्षं दोनेक आठवडे वाळवून त्यांच्या सुरकुतलेल्या मण्यांतून जी गोड वाइन काढतात ती विन्सान्तो. वाळवण्याची ही रीत फार जुनी. इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने आपल्या शेतकामांच्या काव्यात सांगून ठेवलं आहे: घड दहा दिवस आणि दहा रात्री उन्हावाऱ्यात ठेवा, मग पाच दिवस सावलीत. खारवलेल्या चीजबरोबर किंवा बदामाच्या कुरकुरीत मिठाईबरोबर विन्सान्तोचा लहान पेला पुरे होतो. गोड असूनही ती चिकट होत नाही, कारण तळाशी तीच आंबट धार असते.

पश्चिमेला, सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, दुसरा ज्वालामुखी आहे आणि तो जागा आहे. एटनाची राख कातानियाच्या गच्च्यांवर पडते तेव्हा लोक झाडू घेऊन वर जातात आणि पुन्हा कामाला लागतात. १६६९ साली त्याचा लाव्हा शहराच्या तटापर्यंत येऊन पोचला होता. १९८१ च्या मार्चमध्ये उत्तरेच्या उतारावर रांदात्सो गावाच्या बाजूने तो वाहत गेला आणि काही दिवसांत बागा, रस्ते, रेल्वेचे रूळ त्याखाली गेले. अशा डोंगराला तिथले लोक शिव्या देत असतील असं वाटतं, पण ते त्याचा उल्लेख बाईमाणसासारखा, घरातल्या मोठ्या बाईसारखा करतात. तिचा राग माहीत आहे आणि तिच्याच अंगणात राहायचं आहे.

थिजलेल्या लाव्ह्याची माती व्हायला शतकं लागतात. आधी करडं दगडफूल त्यावर पसरतं. मग फटींतून पिवळ्या फुलांची जिनेस्त्राची झुडपं येतात, त्यांची मुळं खडक फोडतात, पालापाचोळा साठतो. कधीतरी माणूस कुदळ घेऊन येतो. त्यामुळे एकाच उतारावर शेजारीशेजारी असलेल्या दोन शेतांच्या मातीत हजारो वर्षांचं अंतर असू शकतं. तिथल्या शेतकऱ्यांनी म्हणूनच प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव दिलं आहे. ‘कोन्त्रादा’ म्हणतात त्या तुकड्यांना, आणि बाटल्यांवर आता ती नावं छापलेली असतात. काळ्या दगडांचे बांध, बांधांवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, शेतात चेस्टनटच्या खुंटीला बांधलेली एकेकटी झुडूपवेल. समुद्रसपाटीपासून हजार मीटरपर्यंत हे चढत जातं. दिवसा सिसिलीचं ऊन, रात्री डोंगराचा गारठा. नेरेल्लो मास्कालेसे हे इथलं काळं द्राक्ष इतकं सावकाश पिकतं की त्याची तोडणी ऑक्टोबरात होते, खाली सपाटीवरची पिंपं भरून झाल्यावर.

या द्राक्षाची रेड वाइन पेल्यात धरली तर पलीकडची बोटं दिसावीत इतकी फिकी असते. गडद रंग म्हणजे दमदार वाइन असं मानणारा माणूस तिला कमी लेखतो आणि पहिल्या घोटाला दचकतो. तिच्यात आंबट चेरी आहे, वाळलेल्या पानांचा वास आहे, थोडा धूर आहे, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसा बारीक तुरटपणा आहे. हा तुरटपणा टॅनिनचा. ते सालीतून आणि बियांतून येतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून जीभ कोरडी करतं. मटणाच्या घासात प्रथिनं आणि चरबी असतात, टॅनिन त्यांच्यात गुंतून पडतं आणि वाइन मऊ लागते. रेड वाइन आणि मांस ही जोडी एवढ्या साध्या कारणाने टिकून आहे.

माशाबरोबर रेड वाइन का घेऊ नये, याचं कारण मात्र बराच काळ नुसतं सांगोवांगी होतं. २००९ साली जपानी संशोधकांनी सुकवलेले स्कॅलप वेगवेगळ्या वाइनमध्ये बुडवून पाहिले आणि त्या उग्र, हिवसट मागचवीचा संबंध वाइनमधल्या लोहाशी लावला. लोह कमी असलेल्या रेड वाइनमध्ये ती चव तशी उमटली नाही. बाटलीवर लोहाचं प्रमाण कुणी लिहीत नाही, तेव्हा चाखूनच ठरवायचं. पण रंग पाहून मासा आणि मांस यांची वाटणी करणाऱ्यांचा धीर यामुळे थोडा सुटायला हवा. मेसिनाच्या सामुद्रधुनीतला तलवारमासा किंवा जाड काप काढून भाजलेला कुपा, वर टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपरची परतणी: यासमोर थोडी गार केलेली एटनाची रेड ठेवली तर ती माशाचा मान राखते. कातानियाचा लाडका पास्ता ‘अल्ला नोर्मा’ तळलेल्या वांग्याचा, टोमॅटोचा, तुळशीच्या कुळातल्या बेझिलचा आणि वर किसलेल्या खारट रिकोत्ताचा. त्याचं नाव बेल्लिनीच्या १८३१ सालच्या ऑपेराशी जोडतात, आणि बेल्लिनी याच शहरात जन्मलेला. तळणाचं तेल, टोमॅटोचा आंबटपणा आणि चीजचं मीठ हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायला नेरेल्लोसारखं द्राक्ष लागतं. जड, जामसारखी रेड वाइन वांग्याचा चिखल करून टाकते.

डोंगराच्या पूर्वेला, मिलो गावाकडे, आयोनियन समुद्रावरून ढग येऊन अडतात आणि चांगला पाऊस होतो. तिथे कार्रिकान्ते हे पांढरं द्राक्ष लावतात. तरुणपणी अबोल, काही वर्षांनी मधाकडे आणि दगडाकडे झुकणारी तिची वाइन. तारल्यांबरोबर सुरेख.

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर तहान आहेच, पण तिला वास आहे. चुनखडीच्या टेकड्यांवर थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर यांची खुरटी झुडपं उन्हात तापतात आणि मिस्त्राल वारा त्यांचा गंध बागांवरून समुद्राकडे नेतो. हाच वारा दव वाळवतो, म्हणून घडांवर बुरशी धरत नाही. बांदोलच्या दगडी पायऱ्यांच्या शेतांत मूर्वेद्र नावाचं काळं द्राक्ष पिकतं. उशिरा पिकणारं, कमी उत्पन्नाचं, हट्टी. फिलॉक्सेरानंतर नव्याने लागवड करताना लोकांनी ते जवळजवळ सोडूनच दिलं होतं. ल्युसियाँ पेरो या बागायतदाराने आणि त्याच्या सोबत्यांनी ते परत आणलं, आणि १९४१ पासून बांदोलच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आज तिथल्या रेड वाइनमध्ये निम्मं तरी मूर्वेद्र असावंच लागतं आणि ती किमान अठरा महिने लाकडी पिंपात ठेवावी लागते. तरुण बांदोल मुठी आवळून बसलेली असते. आठ-दहा वर्षांनी तिच्यात कातड्याचा, काळ्या ऑलिव्हचा, ओल्या रानाचा वास उतरतो. लसूण आणि थाइम खोचून भाजलेली मेंढ्याची तंगडी हा तिचा खरा जोडीदार, आणि का ते सांगायला नको: ते मेंढरू त्याच टेकड्यांवर चरलेलं असतं. शेजारच्या कासीची व्हाइट मार्सेयच्या बुयाबेससाठी, त्या केशर-बडीशेपेच्या माशांच्या रश्श्यासाठी, बांधून ठेवलेली आहे.

दुकानात उभं राहून बाटली निवडताना मी आता रंग शेवटी बघतो. आधी पाहतो वेल कुठे उभी होती: बेटावर की डोंगरावर, वाऱ्यात की आडोशाला, आणि तिला पाणी किती मिळालं. भारतात या बाटल्या आयातशुल्कामुळे महाग पडतात, तेव्हा निवड चुकली तर खिशाला लागतं. व्हाइट फार गार करू नये. दहा-बारा अंशांखाली नेली की असिर्तिकोचा सगळा स्वभाव गोठतो. रेड मुंबईच्या खोलीच्या तापमानाला कधीच देऊ नये, कारण ‘खोलीचं तापमान’ हा सल्ला थंड देशातल्या दगडी घरांसाठी होता. एटनाच्या रेडला पंधरा-सोळा अंश बरे. त्यासाठी ती काही वेळ फ्रिजमध्ये ठेवायला लाज वाटू नये.

कोकणातल्या ताटाशी यांचं जमतं का, असं कुणी विचारलं तर रव्यात घोळून तळलेले बोंबील आणि असिर्तिको ही जोडी मी बिनदिक्कत सुचवीन. तिखट बेताचं असावं, आणि लिंबाची फोड ताटात असली तरी पिळू नये, ते काम वाइन करते. ओल्या खोबऱ्याच्या सौम्य कालवणाला कार्रिकान्ते चांगली. तांबड्या रश्श्यासमोर मात्र बांदोल उघडू नये. तिखटाने अल्कोहोलचा दाह वाढतो, टॅनिन खरखरीत होतं, आणि दोघांचीही अब्रू जाते. त्या दिवशी मान रश्श्याला द्यावा, सोबत सोलकढी घ्यावी, आणि बांदोल एखाद्या रविवारच्या मिरी-लसणाच्या भाजक्या मटणासाठी आडवी ठेवून द्यावी. तिला थांबायची सवय आहे.